बाबांचा उलटतपास

"शेटे वकील, उलटतपास घ्या," न्यायाधीश म्हणाले, आणि समोरच्या टेबलामागून माझे वडील उठले.

उठताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गाऊनच्या बाह्या मागे सारल्या, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या अनसाबाईंना हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, बाई. पाणी वगैरे हवं का?"

"नको," अनसाबाई म्हणाल्या. "काय इचारायचं ते इचारा. पान्यानं घसा वला हुतो, खरं-खोटं बदलत न्हाई."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं तसा तो विरला. मी मात्र हसले नाही. 

अनसाबाई फडतरे माझ्या अशील होत्या, आणि ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते त्या सय्यद साहेबांनी मला पहिल्यांदाच एकटीला उभं केलेली ही केस होती. बाई विधवा. त्यांचं शेत आतल्या बाजूला, आणि गाडीरस्त्यापासून तिथं जायची वाट जोतीराम बर्गे यांच्या रानातून. इतकी वर्षं त्या वाटेनं खत गेलं, पीक आलं, नवऱ्याची तिरडीसुद्धा रानातल्या घरातून त्याच वाटेनं बाहेर आली. मग एका हंगामात जोतीरामनं बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली. बाईंनी दावा लावला. जोतीरामनं वकील दिला तो शेटे, म्हणजे माझे बाबा.

मी बाबांच्याच ऑफिसात बसणार असं सनद मिळाल्यावर सगळ्यांनी धरलं होतं, मीसुद्धा. बाबांनी मला स्कूटरवर घालून सय्यद साहेबांकडे नेलं.

"बापाच्या हाताखाली शिकलं, की माणूस आधी बापाच्या चुका शिकतो," ते म्हणाले.

"आणि माझ्या हाताखाली?" सय्यद साहेबांनी विचारलं.

"तुझ्या चुका मला पाठ आहेत, खलील. घरी दुरुस्त करून घेईन."

आमचा तालुका लहान. वकील मोजके. आज ना उद्या आम्ही समोरासमोर येणार हे दोघांनाही माहीत होतं. आलो ते असे.

त्या दिवशी माझं काय पणाला लागलं होतं हे फक्त आईला ठाऊक होतं. पुण्याच्या एका बँकेत विधी अधिकारी म्हणून माझी निवड झाली होती आणि होकार कळवायला थोडाच अवधी उरला होता. मला जावंसं वाटायचं. सकाळपासून बसून संध्याकाळी पुढची तारीख घ्यायची, बाईमाणसाला पाय मोकळे करायलाही धड जागा नाही, आणि ज्याची केस चालवायची तो पक्षकार विचारणार, "मोठे वकीलसाहेब न्हाई आले व्हय?" दोन वर्षांत मी कंटाळले होते. मी आईला म्हटलं होतं, ही केस माझ्या बळावर लढून जिंकले तर राहीन, नाहीतर सामान बांधीन.

"वाट केवढी रुंद, बाई?" बाबांनी विचारलं.

"गाडी जाईल येवढी."

"कसली गाडी?"

"कसली म्हंजी? बैलगाडी."

"दाव्यात बारा फूट लिहिलंय. बैलगाडी बारा फुटांची असते का?"

अनसाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "त्ये वकीलबाईंनी लिवलंय."

आता न्यायाधीशसुद्धा हसले. माझे कान तापले. बारा फूट मीच लिहिले होते. दावा करायचा तर सढळ हातानं करावा, एवढीच माझी तेव्हाची अक्कल.

"म्हणजे बैलगाडीपुरती वाट. बरोबर?"

"व्हय."

"ट्रॅक्टर कधी घेतला?"

"पोरानं घेतला. आत्ता आत्ता."

"ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून याच वाटेनं नेली?"

"नेली की. डोक्यावर न्यायची का?"

"आणि जोतीरामच्या आल्याच्या वाफ्यावरून चाक गेलं?"

 कठड्यावरची अनसाबाईंची बोटं हलली. "थोडं गेलं," त्या म्हणाल्या.

"थोडं म्हणजे?"

"दोन वाफं मोडलं."

"हाताशी आलेलं पीक होतं?"

"व्हय. हुतं."

न्यायाधीश लघुलेखकाला मजकूर सांगू लागले, "हे म्हणणे खरे आहे की, माझ्या मुलाच्या ट्रॅक्टरमुळे प्रतिवादीच्या आल्याच्या पिकाचे नुकसान झाले." मी खालमानेनं टिपणं काढत होते आणि मनातल्या मनात कबूल करत होते, की हे काम बघत राहावं असं आहे. बाबांचा आवाज एकदाही चढला नाही. बाईंना त्यांनी एकदाही तोडलं नाही. एकेक प्रश्न असा, की खरं सांगणाऱ्याला त्याचं एकच उत्तर देता यावं.

माझी खरी भीती पुढं होती.

आमच्याकडे उलटतपासाचा शेवट ठरलेला असतो. आपल्या पक्षकाराचं जे म्हणणं असेल ते वकील साक्षीदाराला तोंडावर सांगतो: तुम्ही खोटं बोलता, खरा प्रकार असा असा आहे. साक्षीदार नाही म्हणतो. मग न्यायाधीश लिहून घेतात, "हे म्हणणे खरे नाही की..." नवख्याला हा नुसता उपचार वाटतो. पण जे तोंडावर सांगितलं नाही, त्यावर साक्षीदाराचं म्हणणं तुम्हाला कबूल आहे असं धरायला वाव राहतो.

आणि जोतीरामचा सगळा बचाव एका गोष्टीवर उभा होता. वाट वापरली हे तो नाकारत नव्हता. त्याच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहिलं होतं, की फडतरे मंडळी दरवर्षी सुगीला आमच्या दारी येऊन परवानगी मागायची आणि आम्ही शेजारधर्म म्हणून द्यायचो. परवानगीनं वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येत नाही, मग ती कितीही वर्षं वापरा. अनसाबाई मला म्हणाल्या होत्या, "इचारायचं काय त्यात? वाट आमचीच." पण त्या बोलायला अघळपघळ. बाबांनी गोड आवाजात विचारलं, "बाई, शेजाऱ्याला विचारल्याशिवाय तुम्ही कशा जाल? तुम्ही काही तशा नाही," की त्या मोठेपणानं म्हणून जातील, "इचारून जायचो की." संपला दावा. आदल्या दिवशी मी त्यांना किती परीनं समजावलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "बाई, तू नगं घाबरू."

बाबांनी कागद खाली ठेवला. मी पेन घट्ट धरलं.

"एवढंच," बाबा म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. न्यायाधीशांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी कैफियत उलटली, एका जागी बोट ठेवलं. "शेटे, परवानगीचा मुद्दा आहे तुमचा. त्याबद्दल काही विचारायचं नाही?"

"मला आणखी काही विचारायचं नाही, सर."

"नक्की?"

"नक्की."

ते खाली बसले. त्यांच्या मागं बाकावर जोतीराम बर्गे मान खाली घालून बसला होता. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. आपल्या वकिलानं आपला बचाव सोडून दिला, तरी त्यानं बाबांच्या गाऊनला साधा हातसुद्धा लावला नाही. मला ते दिसलं होतं. त्याचा अर्थ लावायचं मात्र सुचलं नाही.

मधल्या सुट्टीत मी बाररूमच्या दाराशी पोचले तेव्हा आतून घाटगे वकिलांचा आवाज आला. "काय शेटे, लेकीची ओटी भरली म्हणायची आज! नारळ तेवढा राहिला."

सगळे हसले. बाबांनी काहीतरी तिरकस परत करावं म्हणून मी दाराआड थांबले. घाटग्यांना ते कधीच सोडत नसत. पण आतून नुसता कपबशीचा आवाज आला. 

मी तशीच मागे फिरले. जिन्यात सय्यद साहेब भेटले.

"तोंड का उतरलंय? साक्षीदार तर छान टिकला."

"टिकला कुठं, साहेब? टिकवला. मी काही केलंच नाही."

"अगं, गप्प बसलीस ना? वकिलीत निम्मं काम तेच असतं." मग माझा चेहरा बघून त्यांनी थट्टा सोडली. "एक सांगतो. तुझा बाप माझ्याविरुद्ध उभा राहिलाय जन्मभर. मी आजारी असताना तारीख वाढवून दिली त्यानं मला. सूट नाही दिली कधी."

मला ते पटलं नाही. मित्र मित्राचीच बाजू घेणार.

पुढच्या तारखेला बाबांनी दुसरा धक्का दिला. जोतीरामला पिंजऱ्यात उभं करून त्याची साक्ष घ्यायची पाळी होती. बाबांनी एका ओळीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली: प्रतिवादीस तोंडी पुरावा देणे नाही. म्हणजे परवानगीबद्दल एक अक्षरही पुराव्यात आलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाला एक वेळ विसरभोळेपणा म्हणता आलं असतं. याला काय म्हणायचं?

आमच्या घरात एक नियम होता. जेवताना कोर्ट नाही. नियम आईचा. "दोन वकिलांची भांडणं ऐकायची तर मी कोर्टातच येऊन बसेन," ती म्हणायची. "तिथं निदान कुणीतरी निकाल देतं." त्या संध्याकाळी मी तो नियम मोडला.

"बाबा, तुम्ही तो प्रश्न का विचारला नाहीत?"

"वैजू," आई म्हणाली.

"नाही, आई, मला कळू दे. साक्षही घेतली नाही. सगळी बार हसतेय मला. लहान मुलं खेळताना एखाद्या लिंबूटिंबूला मुद्दाम जिंकू देतात, तसं केलंत तुम्ही."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला. माझ्याकडे त्यांनी इतका वेळ बघितलं, की मलाच नजर खाली घ्यावी लागली.

"मी तसं केलेलं नाही," ते म्हणाले.

"मग कसं केलंत?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मला? मी तुमची मुलगी आहे."

"समोरच्या पक्षाची वकील आहेस. आणि मुलगी आहेस म्हणून तर आणखीच सांगता येणार नाही."

"याला काय अर्थ आहे?"

"अर्थ आहे. आत्ता तो तुझ्या उपयोगाचा नाही." मग आईकडे वळून ते म्हणाले, "आमटी फक्कड झालीय. चिंच बेताची पडलीय आज."

"तुम्ही दोघांनी ती गार केलीत," आई म्हणाली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. परवानगीचा बचाव शाबीत नाही, वादी बाईंचा वहिवाटीचा हक्क शाबीत, प्रतिवादीनं अडथळा करू नये. मात्र वाट बैलगाडीपुरती. बारा नव्हे, आठ फूट. ट्रॅक्टर न्यायचा तर बर्ग्यांच्या पिकाला धक्का न लावता.

अनसाबाईंनी कोर्टाच्या पायरीवरच माझी दृष्ट काढली. "मिळाली गं बाय वाट!"

"आठ फुटांची, बाई. बारा मागितली होती."

"मग काय झालं? मला काय तितनं वरात न्यायचीय?" त्या म्हणाल्या आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले. त्यांचे हात खरबरीत आणि गरम होते. माझ्या वकिलीतला हा पहिला आनंद, आणि मला तो नीट घेता आला नाही. बाईंना जे मिळालं ते मी मिळवून दिलं, की बाबांनी माझ्या हातून देवविलं, हेच मला कळत नव्हतं.

घरी बाबा ओसरीत उभे होते. "अभिनंदन, वकीलबाई."

"कशाचं? तुम्हीच दिलंत."

"मी दिलं असतं तर रुंदीही दिली असती," ते म्हणाले.

मी ते विनोद म्हणून ऐकलं आणि आत निघून गेले.

पुण्याला मी नकार कळवला. आईला वाटलं, जिंकले म्हणून राहिले. मी राहिले ते रागानं. कुणी काही सोडून न देता बाबांविरुद्ध एक तरी केस जिंकायची, आणि मग जायचं. पुढची कितीतरी वर्षं आम्ही एकमेकांसमोर उभे राहिलो. बहुतेक वेळा मी हरले. ते माझ्या साक्षीदारांना पाणी विचारायचे आणि मग सुती दोरा उसवावा तशी साक्ष उसवायचे. मी हरून घरी यायचे, ते माझ्या ताटात स्वतः वाढायचे. ज्या दिवशी मी त्यांना खरोखर हरवलं, त्या दिवशी ते न्यायाधीशांसमोरच मागं वळले आणि माझ्या ज्युनिअरला म्हणाले, "हिच्याकडे नीट शिका." तोवर जायचं वगैरे मी विसरून गेले होते. कधी विसरले ते सांगता येत नाही. पक्षकार आता मलाच शोधत येत होते. कामाचा त्रास तसाच होता, तारखा तशाच होत्या. पण कुणाच्या तरी अडलेल्या गोष्टीला आपण हात लावला आणि ती हलली, हे सुख मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं असतं असं वाटत नाही.

तो एक प्रश्न मात्र टोचत राहिला. शेवटच्या आजारपणात, एका सकाळी ते उशाला टेकून बसले असताना, मी पुन्हा विचारलं. "बाबा, अनसाबाईंच्या दाव्यात तुम्ही परवानगीचं का विचारलं नाहीत?"

त्यांना हसू आलं. हसताना धाप लागली. "अजून आठवतं तुला?"

"हो."

"मग बरी वकील झालीस," ते म्हणाले. "खिडकी जरा उघड."

एवढंच. नंतर काही दिवसांनी ते गेले.

भेटायला येणारी माणसं संपत आली होती, तेव्हा एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा, अंगात स्वच्छ पांढरं. मी ओळखलं नाही.

"जोतीराम बर्गे," ते म्हणाले. "लोक जोतीतात्या म्हंत्यात. तुमी माझ्या इरुद्ध हुता."

मी खुर्ची दिली. आई आतल्या खोलीत पडली होती. तात्यांनी बाबांच्या फोटोला हार घातला, त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग खुर्चीत बसले. पाणी घेतलं. इकडचं तिकडचं बोलले. अनसाबाई जाऊनही आता काही वर्षं झाली, त्यांचा मुलगा आणि तात्यांचा मुलगा भागीत ठिबक सिंचन करतात, असं म्हणाले. आणि मग, काठीवर दोन्ही हात ठेवून, "बाई, एक सांगायचंय. तुमच्या वडलांबद्दल."

"सांगा ना."

"त्या बाईची साक्ष हुती त्या दिशी सकाळी साहेब मला कोर्टामागच्या हाटेलात घेऊन बसले. म्हनले, जोतीराम, आज मी बाईला तोंडावर सांगनार, की तू दर सुगीला यांच्या दारात यायचीस. मला नीट सांग. ती कुठं उबी ऱ्हायची? उंबऱ्याशी का वट्ट्यावर? काय म्हनायची? तू काय म्हनायचास?" तात्यांनी मान हलवली. "आन मला सांगताच येईना. कदी आलीच न्हाई ती. कुठं उबी ऱ्हायची काय सांगू?"

मी पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवला.

"तिच्या पोरानं माझं वाफं मोडलं. मी भांडाय गेलो तर मलाच उलटं बोलला. त्या रागात म्हनलो, वाटच न्हाई तुमची. मग दावा आला. मग वकिलाला कायतरी सांगाय पायजे, म्हनून परवानगीचं सांगितलं. साहेबांनी तसंच लिवलं, माझ्यावर इस्वास ठिवून. खरं तर माझ्या बापानं तिच्या नवऱ्याला माझ्यादेखत सांगितलेलं. इचारायला येत जाऊ नगंस, वाट तुजीच हाय."

"हे तुम्ही बाबांना सांगितलंत?"

"सांगितलं. घाम फुटला हुता मला. वाटलं, आता हाकलून काढत्यात. साहेबांनी चा संपवला. म्हनले, बरं झालं आत्ता बोललास. आता ऐक. तू सांगितलंस ते माझ्यापाशी ऱ्हाईल, कुनाला कळनार न्हाई. पर जे खोटं हाय म्हनून मला ठाव झालं, ते त्या बाईच्या तोंडावर मी सांगनार न्हाई, आन तुला पिंजऱ्यात उबा करून तुझ्याकडनं बी वदवनार न्हाई. तुला दुसरा वकील करायचा तर आत्ता कर, कागद देतो, तारीख मागून घेतो. माझ्याकडंच ऱ्हायचं, तर जेवडं खरं तुझ्या बाजूला हाय तेवड्यासाठी मी जीव तोडून भांडतो. तुझं आलं मोडलं ते खरं हाय. वाट बैलगाडीची हाय ते खरं हाय."

"आणि तुम्ही त्यांच्याकडेच राहिलात."

"दुसरा केला असता तर त्येच खोटं पुन्यांदा सांगावं लागलं असतं," तात्या म्हणाले. "एकदाच लई जड गेलं हुतं."

बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मी फोटोकडे बघत होते. मी दिलं असतं तर रुंदीही दिली असती. त्या चार फुटांसाठी ते माझ्याशी झगडले होते आणि जिंकले होते. जे उरलं ते त्यांनी मला दिलेलं नव्हतं. ते अनसाबाईंचंच होतं. आणखी एक गोष्ट मला कळली, जी वकिलाला जन्मात फार क्वचित कळते: माझी पहिली अशील खरं बोलत होती.

"तात्या, बाबांनी मला कधीच सांगितलं नाही."

"ठाव हाय." ते खाली बघत होते. "त्येच सांगाय आलोय. निकाल लागून सगळं मिटल्यावर साहेब माझ्या रानात आलते. स्वतः. स्कुटर लांब लावून चालत. म्हनले, जोतीराम, एक मागायचंय. माझी पोरगी समजती मी तिला जितवलं. लई लागलंय तिला. तिला एकटीला खरं काय ते सांगू का? ती भाईर बोलनार न्हाई."

"मग?"

"मी नको म्हनलो. कैफियतीवर माझी सही. गावात कळलं तर तोंड कुठं दावू? पोरं काय म्हनतील? नको म्हनलो. साहेब म्हनले, बरं. वाफ्यातलं आलं कसं हाय इचारलं, आन गेले."

"पुन्हा विचारलं नाही?"

"न्हाई. मीच एकदा बाजारात म्हनलो, साहेब, रागावला न्हाई न्हवं? तर म्हनले, वकिलानं अशिलाला असलं एकदाच इचारायचं. दुसऱ्यांदा इचारलं की त्यो दाब हुतो." तात्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "साहेब हायत तवर सांगू सांगू म्हनलो. ऱ्हाऊन गेलं. तुमी म्हनाल, आता सांगून काय उपेग."

"उपयोग आहे," मी म्हटलं.  माझ्या समाधानासाठी एक शब्द सांगता यावा म्हणून बाबा दुसऱ्याच्या बांधावर जाऊन मागणं मागून आले होते. नकार घेऊन घरी आले, आणि मी त्या लिंबूटिंबूचा राग मनात धरून राहिले. त्या नकाराला धरून ते शेवटच्या सकाळपर्यंत गप्प राहिले, खिडकी उघड म्हणाले. मला त्यांच्यावर रागावायला हवं होतं का? राग आला नाही. असा माणूस माझ्या समोरच्या टेबलावर इतकी वर्षं उभा होता, आणि त्याला हरवायच्या नादात मी या कामात राहिले, याबद्दल कुणाचे तरी आभार मानावेत असं वाटलं. समोर तात्याच होते.

"तात्या, तुम्ही आलात हे फार चांगलं केलंत."

ते निघायला उठले. मी त्यांना थांबवलं. आतमध्ये आई पडली होती. तिनं आमच्या दोघांमधलं ते भांडण जेवणाच्या ताटांवर बघितलं होतं, आणि बाबांची बाजू तिलाही कधी कळली नव्हती.

"एक विचारू?" मी म्हटलं. "हे आईला सांगितलं तर चालेल?"

तात्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, नको म्हणतील. मी दुसऱ्यांदा विचारणार नव्हते.

"सांगा," ते म्हणाले. "आता कुनाला बी सांगा."

मी आत गेले, आईला उठवलं, हाताला धरून बाहेर आणलं आणि बाबांच्या खुर्चीत बसवलं. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. मी तात्यांकडे वळले.

"मी नाही, तुम्हीच सांगा. माझं ते ऐकीव होईल."

तात्या पुन्हा खुर्चीत बसले. घसा खाकरला. "वैनी," ते म्हणाले, "त्या दिशी सकाळी साहेबांनी मला हाटेलात बसवलं..."